भंडारदऱ्याला जाण्यापूर्वी

भूगोलाच्या तासाला एकदा आमच्या वर्गात कॅनडाचा नकाशा भिंतीवर टांगला होता. त्या देशाच्या मध्यभागी गवताळ मैदानांचे प्रांत आहेत. त्यांपैकी मॅनिटोबा आणि सॅस्कॅचेवान या दोन प्रांतांत निळे ठिपके इतके दाट होते, की नकाशावर कोणी दौत झटकली असावी असे वाटावे. ते ठिपके म्हणजे तळी. दोन्ही प्रांतांत मिळून लाखाहून अधिक तळी आहेत. उन्हाळा लागला की तेथील कुटुंबे तळ्याकाठच्या लाकडी कुटीत मुक्कामाला जातात. जवळपास दुकान नसते. म्हणून मीठ, काड्यापेटी, मच्छरदाणी, कुऱ्हाड अशा एकेका वस्तूची याद्या करकरून आठवण ठेवावी लागते, असे मी मुलांना सांगत होतो.

तेवढ्यात खिडकीजवळच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आपल्याला असे राहता येणार नाही का?”

आमची शाळा डोंबिवलीची. आमच्या मुलांचे आकाश दोन इमारतींच्या मधले. तळे म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे ठाण्याचा मासुंदा तलाव येतो. भोवती कठडा, कडेला भेळेच्या गाड्या आणि पाण्यात दिव्यांचे प्रतिबिंब. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात हे खरे. पण त्या तलावांच्या काठी रात्री मुक्काम करण्याची सोय नाही. मी म्हणालो, “येईल. मात्र आधी आखणी तुम्ही करायची. ती मला पटली, तर मी मुख्याध्यापकांकडे परवानगी मागेन.”

ठिकाण ठरवायला फार वेळ लागला नाही. कॅनडातील तळी हिमयुगातील बर्फाने कोरली. बर्फाचे प्रचंड थर जमीन खरवडत गेले आणि ते वितळल्यावर मागे राहिलेल्या खोलगट जागांत पाणी साठले. आपल्या सह्याद्रीत असे काही घडले नाही. येथील मोठे जलाशय बहुधा माणसाने बांध घालून केलेले आहेत. त्यांपैकी भंडारदऱ्याचा जलाशय आम्ही निवडला. तो अकोले तालुक्यात, पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. प्रवरा नदीवर 1910 साली दगडी धरणाचे काम सुरू झाले आणि ते 1926 साली पुरे झाले. धरणाची उंची सुमारे 82 मीटर आहे. एका बाजूस महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, दुसऱ्या बाजूस रतनगड आणि मध्ये हे पाणी. हीच प्रवरा पुढे अकोले, संगमनेर करीत नेवाशाला जाते. ज्या नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते हेच.

वर्गात काही मुलांना हा मुलूख अगदी परका वाटला. त्यांना मी एक गोष्ट सांगितली. याच अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सरकारविरुद्ध बंड पुकारले होते. त्यांना 2 मे 1848 रोजी फाशी देण्यात आली, ती ठाण्याच्या तुरुंगात. ज्या तुरुंगाच्या भिंतीवरून आमची कित्येक मुले मामाच्या घरी जाताना गेली होती, तोच हा तुरुंग. त्यानंतर भंडारदरा कोणाला परका वाटला नाही.

बारा मुले जाणार होती. आमच्या शाळेतील एक बाई आणि मी धरून चौदा माणसे. कामे वाटली, तेव्हा प्रत्येकाला पदवीही मिळाली. एक नकाशेवाला झाला, एक पंचांगवाली; कोणी हिशेबनीस, कोणी कोठीवाली, कोणी वैद्यबुवा. वर्गातील सर्वांत लहान चणीचा मुलगा त्या दिवशी उशिरा आला. तोपर्यंत भारदस्त कामे सगळी संपली होती. “मग हा पाणक्या!” असे कोणी तरी म्हटले आणि सारा वर्ग हसला. तोही हसला; पण त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने ‘पाणी’ हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, हे मी पाहिले.

नकाशेवाल्याचे काम चोख होते. डोंबिवलीहून कसाऱ्यापर्यंत लोकलगाडी जाते. बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली प्रवासी आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. पण कसाऱ्याचा घाट ओलांडून गाडी इगतपुरीला जायला 1865 साल उजाडले. या घाटात दर सदतीस फुटांना एक फूट चढ आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या पाठीमागे आणखी इंजिने जोडतात आणि ती गाडीला वर रेटतात. आमची लोकल मात्र घाटाच्या पायथ्याशीच थांबणार. तेथून पुढे दोन जीपगाड्या ठरवून इगतपुरी, घोटी आणि बारी या वाटेने शेंडीला जायचे. शेंडी हे धरणाजवळचे गाव. नकाशेवाल्याने प्रत्येक टप्प्यापुढे वेळ लिहिली होती आणि शेवटी एक शेरा दिला होता: ‘डोंबिवलीला गर्दीत चढता आले, तरच पुढचे सर्व लागू.’

खरा वाद झाला तो तारखेवरून. निम्म्या वर्गाला पौर्णिमा हवी होती, कारण तळ्यावरचे चांदणे पाहायचे होते. उरलेल्यांना काजवे हवे होते. मेच्या अखेरीपासून पाऊस चांगला लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या रानात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचे थवे चमकतात. काजवा हा माशीच्या नव्हे, तर भुंग्याच्या कुळातील किडा आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी एका रासायनिक क्रियेने प्रकाश निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. हा प्रकाश म्हणजे त्याची भाषा. नर उघडझाप करून हाक देतो आणि मादी त्याच रीतीने ओ देते. पुढे मादी ओलसर मातीत अंडी घालते.

पंचांगवालीने हे सर्व वाचून काढले होते. ती उभी राहून म्हणाली, “चांदण्यात त्यांची हाक त्यांनाच नीट दिसणार नाही, मग आपल्याला कशी दिसेल? अमावास्याच हवी.” त्या वर्षी वैशाखाची अमावास्या मेच्या अखेरीस येत होती. शाळेला सुट्टी आणि पाऊस यायचा बाकी. चांदण्याचा पक्ष हरला. मग तिने आणखी एक अट घातली. प्रत्येकाने आपल्या विजेरीच्या काचेवर तांबडा जिलेटिनचा कागद बांधायचा आणि काजव्यांच्या झाडाजवळ तीही विझवायची. पांढऱ्या झोतापुढे काजव्यांची हाक हरवते. छायाचित्रांसाठी झगमगाट करणारी मंडळी हे ध्यानात घेत नाहीत. तो सारा भाग अभयारण्याच्या लगतचा असल्यामुळे वनखात्याचे नियमही पाळावे लागतात, तेही तिने लिहून काढले.

कोठीवालीच्या पहिल्या यादीत एक्काहत्तर वस्तू होत्या. त्यांत कॅरमचा बोर्डही होता. मी काहीच बोललो नाही; फक्त तिला तेवढे सामान एका पोत्यात भरून शाळेचे दोन मजले चढून यायला सांगितले. दुसऱ्या यादीत एकोणतीस वस्तू उरल्या. आखणी करताना लिहिणे सोपे असते, खोडणे अवघड जाते. कळसूबाईची चढाई खोडताना तर नकाशेवाल्याचे डोळे भरून आले. शिखराची उंची 1646 मीटर. मेचे ऊन आणि आदल्या रात्रीचे जागरण, यांत लहान मुलांना तेथे नेणे शहाणपणाचे नव्हते. त्याने ते नाव पुसले नाही. बारीकशी रेघ मारून शेजारी ‘पुढे केव्हा तरी’ असे लिहिले.

पालकांची सभा भरली, तेव्हा कोठीवालीच्या आईने एकच प्रश्न विचारला. “सर, मुले तळ्याकाठी राहणार. पाण्यात उतरणार नाहीत याची हमी कोण देणार?”

हा प्रश्न विचारला गेला, हे फार बरे झाले. धरणाच्या जलाशयाला काठ असतो, पण तो घाटाच्या पायऱ्यांसारखा नसतो. पाण्याखाली जुन्या ओढ्यांचे खळगे, झाडांचे बुंधे आणि गाळ असतो. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकावे, तो तळ नाहीसा होतो. पोहता येणारी माणसेही अशा ठिकाणी बुडतात. तेव्हा नियम असा ठरला, की पाण्याच्या रेषेपासून वीस पावलांच्या आत कोणीही जायचे नाही. चेंडू गेला तरी नाही, चप्पल वाहून गेली तरी नाही. बाराही मुलांनी कागदावर सह्या केल्या. त्या बाईंनी तो कागद दोनदा वाचला आणि मगच मुलीला परवानगी दिली.

राहण्याची व्यवस्था जलाशयाच्या काठच्या एका वाडीत झाली. त्या भागातील पुष्कळ कुटुंबे आता पाहुण्यांना घरी ठेवून घेतात. आम्ही ज्यांच्याकडे उतरणार होतो, त्यांची कुडाच्या भिंतींची, शेणाने सारवलेली दोन खणांची खोली होती. मुलांनी त्यांना न पाहताच मावशी म्हणायला सुरुवात केली. कोठीवालीने दूरध्वनीवरून जेवण ठरवले: नागलीची भाकरी, पिठले आणि भात. सर्व काही जुळून आले असे वाटत होते.

त्याच आठवड्यात पाणक्या आपली वही घेऊन माझ्याकडे आला. “सर, शहरात एका माणसाला दिवसाला 135 लिटर पाणी लागते असे धरतात. आपण चौदा जण. म्हणजे 1890 लिटर. मावशींचा हंडा पंधरा लिटरचा धरला, तर रोज एकशे सव्वीस हंडे होतात. एवढे पाणी त्यांच्याकडे आहे का?”

“समोर एवढा जलाशय असताना?” हिशेबनीस मध्येच म्हणाला.

“ते पाणी प्यायचे नाही. आणि वैशाखात ते किती मागे सरलेले असेल? शिवाय वीस पावलांचा नियम आहेच.”

आम्ही मावशींना दूरध्वनी केला आणि तो पाणक्याच्या हाती दिला. त्याने विचारले, “मावशी, तुमच्याकडे पाणी किती असते?”

पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग मावशी म्हणाल्या, “बाळा, इथं येणारे विचारतात, काजवे दिसतील का, कोंबडी मिळेल का. पाण्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. विहीर आहे, पण आता तिनं तळ गाठलाय. झऱ्याला पाणी साचेपर्यंत बसून राहावं लागतं. एक हंडा भरायला अर्धा तास जातो.”

पाणक्याने फळ्यावर गुणाकार केला. एकशे सव्वीस हंडे, प्रत्येकी अर्धा तास. त्रेसष्ट तास. एका दिवसाच्या पाण्यासाठी त्रेसष्ट तास! दिवसाचे तास तर चोवीसच. वर्गात कोणी हसले नाही.

बराच वेळ शांत गेल्यावर पंचांगवाली म्हणाली, “मग आपण जायलाच नको.” अमावास्येसाठी भांडलेली तीच मुलगी. तिच्या बाजूने आठ हात वर झाले. मला वाईट वाटले, आणि खरे सांगायचे तर थोडा अभिमानही वाटला; परंतु मी मत दिले नाही. हिशेबनीस मात्र खाली पाहत होता. तो हळूच म्हणाला, “आपण न गेलो तर मावशींचे पैसे बुडतील. काजव्यांचे दिवस वर्षातून दोन-तीन आठवडेच असतात. त्यांना विचारू या तरी.”

पुन्हा दूरध्वनी झाला. मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुम्ही आला नाहीत म्हणून विहिरीचं पाणी वाढत नाही. माझ्या घरात मात्र चार पैसे कमी येतील. या तुम्ही. फक्त घरच्यासारखं पाणी सांडू नका.”

त्या दिवसापासून पाणक्याचा कारभार सुरू झाला आणि आम्ही सारे त्याच्या हुकमतीखाली आलो. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी घोटीच्या बाजारपेठेत वीस-वीस लिटरच्या आठ कॅनमध्ये भरून जीपच्या टपावर न्यायचे. जेवायला पत्रावळी घ्यायच्या, म्हणजे ताटे घासणे नको. आंघोळीला दोन दिवस सुट्टी. ओल्या पंच्याने अंग पुसायचे. हात धुताना एकाने तांब्याने पाणी घालायचे आणि दुसऱ्याने हात चोळायचे. सांडपाणी परसातील पपईच्या आळ्यात. असे करीत करीत त्याने विहिरीवरची मागणी रोज सहा हंड्यांवर आणली. तीन तासांचे काम. ते तीन तास मावशींनी बसायचे नाही, आपण पाळीपाळीने बसायचे, असेही त्याने वहीत लिहिले. वैद्यबुवाने जुलाबाच्या वेळी द्यायच्या मीठसाखरेच्या पुड्या जास्त घेतल्या, तेवढीच काय ती त्यात दुरुस्ती.

निघण्याच्या दिवशी आम्हाला डोंबिवलीला गर्दीत चढता आले. नकाशेवाल्याने आपला शेरा मोठ्याने वाचून दाखवला. कल्याण, टिटवाळा मागे पडले आणि आसनगावापासून डोंगर जवळ येऊ लागले. हा शहापूर तालुका. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी मोठी धरणे याच तालुक्यात आहेत. तानसाचे धरण तर 1892 सालचे. तरीही उन्हाळ्यात येथील पाड्यांना टँकरने पाणी द्यावे लागते. एका पाड्यापाशी हंड्यांची लांब रांग दिसली. गाडी पुढे गेली, तरी पाणक्या बराच वेळ मागे वळून पाहत होता. त्याने वही काढली होती, पण काही लिहिले मात्र नाही.

त्या रात्री काजवे दिसले. त्याचे वर्णन मी करणार नाही, कारण मुलांनी ते आपापल्या निबंधात केले आहे आणि ते माझ्यापेक्षा चांगले आहे. एवढेच सांगतो, की तांबडे दिवे विझले, तेव्हा एक सादड्याचे झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकदम पेटल्यासारखे झाले, एकदम विझले, आणि बाराही मुलांपैकी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी विहिरीवर गेलो, तेव्हा पाणक्या आणि पंचांगवाली काठावर बसून होती. खाली झऱ्याशी मावशींची सून वाटीवाटीने पोहऱ्यात पाणी भरत होती. पोहरा भरला की दोघे मिळून दोर ओढत. पहिला थेंब सांडला, तेव्हा पंचांगवालीने जीभ चावली.

निघायच्या दिवशी सकाळी सामान जीपवर चढले. पाणक्याने ओसरीवरचे हंडे एकेक करून वाकवून पाहिले. पाच रिकामे होते. सहाव्यात निम्मे पाणी होते. त्याने ते मावशींना दाखवले. मावशींनी काही न बोलता हंडा उचलला, गोठ्यात नेला आणि गाईपुढच्या घमेल्यात ओतला.